प्लास्टिक प्लास्टिकमध्ये का मिसळत नाही? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या भंगारातलं विज्ञान

नवी बादली आणली. दोन महिने बरी चालली. मग एक दिवस भरलेली बादली उचलली आणि कडी हातात, पाणी लादीवर. तुटलेल्या जागी नीट बघितलं तर प्लास्टिकचे पापुद्रे सुटलेले दिसतात, जुन्या खारी बिस्किटासारखे.

आपण लगेच म्हणतो, "माल हलका दिला." ते खरंही असेल. पण हलका म्हणजे नेमकं काय? बादली तर प्लास्टिकचीच होती. मग एक बादली दहा वर्षं टिकते आणि दुसरी दोन महिन्यांत का फुटते?

याचं उत्तर बऱ्याचदा एका गोष्टीत असतं. त्या बादलीत एकापेक्षा जास्त जातींचं प्लास्टिक असतं आणि त्या जातींचं एकमेकांशी पटत नाही.

आपल्याला वाटतं, प्लास्टिक म्हणजे प्लास्टिक. सगळं गोळा करायचं, वितळवायचं आणि नवीन वस्तू ओतायची. लोखंडाच्या भंगाराचं होतं, काचेचं होतं, मग प्लास्टिकचं का नाही? हा प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या शहरातल्या कचऱ्याच्या डोंगराचं गणित त्यात अडकलेलं आहे. म्हणून आज तो नीट समजून घेऊया.

उल्हासनगरपासूनच सुरुवात का?

कल्याणच्या पुढे कर्जत लोकलने निघालात की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्टेशनं ओळीने लागतात.

उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर इथे सिंधी निर्वासितांना ठेवलं आणि १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. म्हणून आजही इथला पत्ता कॅम्प १ ते कॅम्प ५ असाच सांगतात. हातात काही नसताना आलेल्या लोकांनी छोटे छोटे धंदे उभे केले. फर्निचर, जीन्स, पिशव्या, घरगुती वस्तू, जे विकलं जाईल ते. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद तर तुम्ही ऐकलाच असेल.

पुढे अंबरनाथला आनंदनगर, मोरिवली आणि बदलापूरला माणकिवली असे एमआयडीसीचे पट्टे आहेत. औषधं, रसायनं, रंग, इंजिनीअरिंगचा माल आणि प्लास्टिक, सगळं इथे बनतं. शहाडला सेंच्युरी रेयॉन आहे. लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून तिथे धागा तयार होतो. रेयॉन हे प्लास्टिक नाही, पण रसायनशास्त्राच्या भाषेत तेही पॉलिमरच, म्हणजे लांबच लांब साखळीचा रेणू.

थोडक्यात, प्लास्टिक बनवणारे, वापरणारे, फेकणारे आणि फेकलेलं उचलून पुन्हा विकणारे असे सगळे या दहा-बारा किलोमीटरच्या पट्ट्यात शेजारी शेजारी राहतात. मध्ये उल्हास आणि वालधुनी या नद्या आहेत. जे कुणालाच नको असतं, त्यातलं बरंच शेवटी त्यांच्यात जातं.

आधी हे बघा: प्लास्टिक एक नाही, सात खणांचं आहे

कुठलाही डबा किंवा बाटली उलटी करा. तळाशी बाणांचा त्रिकोण आणि त्यात एक आकडा दिसेल. ही पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने सुरू केली. त्रिकोण बघून आपण समजतो, "म्हणजे हे रीसायकल होतं." तसं नाही. तो आकडा फक्त जात सांगतो.

१ – पेट. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या.

२ – एचडीपीई, भंगाराच्या भाषेत एचडी. शाम्पूच्या बाटल्या, तेलाचे कॅन, ड्रम.

३ – पीव्हीसी. पाइप, वायरीवरचं आवरण, रेक्झिन.

४ – एलडीपीई, म्हणजे एलडी. पातळ पिशव्या, दुधाच्या पिशवीतला मोठा भाग.

५ – पीपी. जेवणाचे डबे, खुर्च्या, बाटल्यांची बरीच झाकणं, गोणी.

६ – पीएस, म्हणजे पॉलिस्टायरीन. पारदर्शक ठिसूळ डबे, कप आणि आपलं थर्माकोल.

७ – बाकीचं सगळं. पॉलिकार्बोनेट, नायलॉन, एबीएस आणि अनेक थर चिकटवून केलेला माल.

यात एक जात अजून आली नाही. कुकरचा काळा दांडा किंवा जुन्या विजेच्या बटणांचं बेकेलाइट. हे एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळतच नाही. तापवलं तर करपतं. अंडं उकडल्यावर परत पातळ होत नाही, तसं. त्यामुळे वितळवून मिसळण्याचा प्रश्नच येत नाही.

बाकीची सगळी वितळतात. मग मिसळायला अडचण काय?

कल्याण स्टेशनवर उभे राहा, लगेच कळेल

साखर पाण्यात विरघळते कारण साखरेचे रेणू छोटे आणि सुटे असतात. ते पाण्यात कुठेही जाऊन बसू शकतात आणि बसण्याचे असंख्य प्रकार असतात. निसर्गाला असे अनेक पर्याय असलेली अवस्था आवडते. शास्त्रज्ञ याला एन्ट्रॉपी म्हणतात.

आता संध्याकाळी सातचं कल्याण स्टेशन डोळ्यांसमोर आणा. प्लॅटफॉर्मवर कर्जतवाले आहेत आणि कसारावालेही. सगळे सुटे आहेत. पाच मिनिटांत ते असे मिसळतात की कोण कुठला ते सांगता येत नाही.

आता समजा, कर्जतच्या हजार माणसांनी एकमेकांचे हात धरून एक साखळी केली. कसाऱ्याच्या हजार जणांनीही केली. हात सोडायचा नाही. आता मिसळा बघू! एक माणूस डावीकडे सरकला की मागचे नऊशे नव्व्याण्णव ओढले जातात. मोकळेपणाने मिसळण्याचे जे अगणित मार्ग होते, ते जवळपास संपले.

प्लास्टिकचा रेणू म्हणजे ही हात धरलेली साखळी. तिच्यात हजारो कड्या असतात. त्यामुळे दोन प्लास्टिकं एकत्र वितळवली तरी मिसळून निसर्गाला फारसा 'फायदा' होत नाही. त्यात दोन साखळ्यांना एकमेकांचा शेजार जरासा जरी नकोसा असेल, तर त्या वेगळ्याच राहतात.

हे गणित पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९४१-४२ च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडलं. पॉलिमरवरच्या कामासाठी फ्लोरी यांना १९७४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या गणितातून निघणारी गोष्ट साधी आहे. साखळ्या जितक्या लांब, तितकं मिसळणं कठीण. दोन वेगळी प्लास्टिकं न मिसळणं हा नियम आणि मिसळणं हा अपवाद.

मग मिश्रणात नक्की काय होतं?

यंत्रात घालून जोरात ढवळलं तर वरवर एकजीव झाल्यासारखं दिसतं. पण सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर एका प्लास्टिकच्या समुद्रात दुसऱ्याचे थेंब बेटांसारखे तरंगताना दिसतात. वरणावर तेलाची तर्री दिसते ना, अगदी तसं. फरक एवढाच की इथे थेंब खूप बारीक असतात आणि थंड झाल्यावर जागच्या जागी गोठतात.

खरी गोम थेंब आणि समुद्र यांच्या सीमेवर आहे. तिथे दोन्हीकडच्या साखळ्या एकमेकींत गुंतत नाहीत, नुसत्या टेकून उभ्या असतात. वस्तूवर भार आला, वाकवली किंवा आपटली की तडा बरोबर याच सीमेवरून धावतो. एका थेंबाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे. बादलीच्या कडीचे पापुद्रे निघाले ते यामुळेच.

म्हणून इथे एक उलटा हिशेब लागतो. दोन चांगली प्लास्टिकं मिसळली की मधलं काहीतरी मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात मिश्रण अनेकदा दोघांपेक्षाही ठिसूळ निघतं.

सगळ्यात आश्चर्याची जोडी एचडी आणि पीपी. दोन्ही फक्त कार्बन आणि हायड्रोजनची, दोन्ही एकाच तेलाच्या घराण्यातली, दोन्ही दिसायला सारखी. भंगारातही ही दोन सगळ्यात जास्त एकत्र सापडतात. आणि तरीही त्यांचं धड पटत नाही.

तापमानाचं भांडण

समजा मिसळण्याचा मुद्दा सोडून दिला, तरी पुढची अडचण वितळण्याची आहे.

एलडी साधारण ११० अंश सेल्सिअसला वितळतं. एचडी १३० च्या आसपास. पीपी १६० ते १६५. आणि पेटला थेट २५० अंश लागतात.

आता एकाच यंत्रात एलडीची पिशवी आणि पेटची बाटली घाला. यंत्र १८० वर ठेवलं तर पेट वितळतच नाही. त्याचे कडक तुकडे मालात खड्यांसारखे राहतात, जाळीत अडकतात आणि पातळ पिशवी फुगवताना तिला भोक पाडतात. यंत्र २६० वर नेलं तर बाकीचा माल खराब व्हायला लागतो.

पण खरी दुश्मनी पेट आणि पीव्हीसीची. पीव्हीसीमध्ये क्लोरीन असतं. पेट वितळायला लागणाऱ्या तापमानात पीव्हीसी टिकत नाही, तुटतं आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. ओलावा मिळाला की तेच हायड्रोक्लोरिक ॲसिड, म्हणजे फरशी धुवायच्या ॲसिडचा भाऊ. ते पेटच्या साखळ्या तोडतं, माल पिवळा-तपकिरी पडतो आणि यंत्राच्या लोखंडालाही खातं. एक टन पेटमध्ये शंभर ग्रॅमच्या आसपास पीव्हीसी आलं तरी मालाचा दर्जा घसरायला लागतो. एक टन म्हणजे हजार किलो. त्यात शंभर ग्रॅम म्हणजे पाइपचा हातभर तुकडाही पुरे.

घरी करून बघा: बादलीतली प्रयोगशाळा

ही गंमत घरच्या घरी बघता येते. पाण्याची रिकामी बाटली घ्या. बाटलीचा एक छोटा तुकडा कापा आणि झाकणाचा एक तुकडा कापा. दोन्ही पाण्यात बुडवून, बुडबुडे झटकून सोडा. बाटलीचा तुकडा तळाला जाईल, झाकणाचा वर येईल.

कारण घनता. पाणी १ धरलं तर पीपी ०.९ आणि एलडी-एचडी ०.९१ ते ०.९७, म्हणजे पाण्यापेक्षा हलकी. पॉलिस्टायरीन १.०५, पेट साधारण १.३५ च्या पुढे आणि कडक पीव्हीसी १.४ च्या आसपास, म्हणजे जड. (थर्माकोल तरंगतं ते त्यात बहुतेक हवाच असते म्हणून.)

भंगार वेगळं करण्याची जगभरातली सगळ्यात स्वस्त युक्ती हीच. माल बारीक तोडायचा, पाण्याच्या टाकीत सोडायचा, तरंगणारं एकीकडे आणि बुडणारं दुसरीकडे. पाण्यात भरपूर मीठ घातलं की पाणी जड होतं. मग पॉलिस्टायरीनही वर येतं, पण पेट आणि पीव्हीसी खालीच राहतात.

आता दोन गोष्टी लक्षात घ्या. तरंगणाऱ्या ढिगात एचडी आणि पीपी एकत्र राहतात, ज्यांचं पटत नाही. बुडणाऱ्या ढिगात पेट आणि पीव्हीसी एकत्र राहतात, जे एकमेकांचे दुश्मन आहेत. म्हणजे पाणी अर्धंच काम करतं. आणि पीपीच्या खुर्चीत स्वस्तात भर म्हणून खडूची भुकटी घातली असेल तर ती खुर्ची पीपीची असूनही बुडते.

उरलेलं काम मग माणसाच्या हाताला, कानाला आणि नाकाला करावं लागतं.

नाकाने ओळखणारी माणसं

भंगाराच्या धंद्यात मुरलेला माणूस प्लास्टिक वाकवून बघतो. पांढरी रेघ उमटली की कटकन तुटलं, हे बघतो. आपटून आवाज ऐकतो. नखाने ओरखडा काढतो. तरीही शंका असेल तर लायटरने टोक जाळून वास घेतो. पीई जळताना विझलेल्या मेणबत्तीसारखा वास येतो. पॉलिस्टायरीन काळा धूर आणि काजळीचे धागे सोडतं. पीव्हीसीचा वास नाकात झोंबतो आणि ते ज्योत बाजूला केली की विझतं.

धारावीपासून उल्हासनगरपर्यंत हे ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे असंच गेलं आहे. पुस्तक नाही, प्रमाणपत्र नाही. पण शहराचं प्लास्टिक रीसायकलिंग या नाकांवर उभं आहे.

आणि त्याची किंमतही हीच माणसं मोजतात. पीव्हीसीचा धूर म्हणजे वर सांगितलेलं ॲसिड थेट फुप्फुसात. उघड्यावर कमी तापमानात पीव्हीसी जळतं तेव्हा डायॉक्सिन तयार होऊ शकतात, जी माणसाला माहीत असलेल्या सगळ्यात विषारी रसायनांपैकी आहेत. वायरीवरचं आवरण जाळून तांबं काढणं, डम्पिंगला आग लागणं, सोसायटीबाहेर शेकोटीत पिशव्या टाकणं, या सगळ्यात हाच धोका आहे. मिश्र कचरा जळतो तेव्हा कुठला धूर कशाचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

वेगळं केलेलं प्लास्टिक तोडून, धुऊन, वितळवून त्याचा दाणा करतात. त्याच दाण्यापासून पुढे बादल्या, पाइप, झाडांच्या कुंड्या बनतात. वर्गवारी जितकी चोख, तितका दाण्याला भाव जास्त. रंग मिसळले की माल मळकट करडा होतो, मग त्यात काळा रंग घालून तो झाकतात. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त वस्तू काळ्या असतात याचं एक कारण हे. आणि गंमत म्हणजे, मोठ्या कारखान्यांतली प्रकाशाने प्लास्टिक ओळखणारी यंत्रं बहुधा काळ्या मालावरच फसतात, कारण काजळीचा रंग प्रकाश शोषून घेतो. म्हणजे एकदा काळी झालेली वस्तू पुढच्या वेळी ओळखणं आणखी अवघड.

पण काही जोड्या जमतात

सगळंच निराशाजनक नाही. काही प्लास्टिकं मुद्दाम मिसळली जातात आणि तुम्ही ती रोज वापरता.

दुधाची पिशवी बघा. त्यात एलडी आणि त्याचाच चुलत भाऊ एलएलडी यांचं मिश्रण असतं. एकामुळे पिशवी फुगवणं सोपं जातं, दुसऱ्यामुळे ती सहज फाटत नाही.

पॉलिस्टायरीन ठिसूळ असतं. त्यात रबराचे बारीक कण पेरले की ते मार सोसतं. तडा धावत आला की रबराच्या कणाशी अडतो. फ्रिजच्या आतला पांढरा भाग बऱ्याचदा अशा मालाचा असतो. इथेही थेंब आणि समुद्र आहेतच, पण रबर पॉलिस्टायरीनला रासायनिक बंधाने जोडलेलं असतं. सीमा पक्की, म्हणून वस्तू पक्की.

मोबाइलचे चार्जर, लॅपटॉपची बाहेरची बॉडी, गाडीच्या डॅशबोर्डचे भाग यांत पॉलिकार्बोनेट आणि एबीएसचं मिश्रण वापरतात. एक उष्णता आणि मार सोसतं, दुसरं साच्यात सहज वाहतं.

आणि खराखुरा अपवाद, म्हणजे अगदी रेणूच्या पातळीवर मिसळणारी जोडी: पॉलिस्टायरीन आणि पीपीओ. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने हे मिश्रण 'नोरिल' नावाने बाजारात आणलं. पीपीओ एकटं असताना साच्यात घालणं महाकठीण. पॉलिस्टायरीन घातलं की सोपं. दोघांच्या साखळ्यांना एकमेकींचा शेजार आवडतो, म्हणून ते जमलं.

म्हणजे प्रश्न मिसळण्याचा नाही. कोण, कुणाशी, किती आणि कसं मिसळतंय याचा आहे. कारखान्यात ते ठरवून होतं, कचऱ्याच्या डब्यात ते आपोआप होतं.

मध्यस्थ लागतो

न पटणाऱ्या दोघांना जोडायचं तर मध्यस्थ लागतो, हे लग्नाच्या बाजारात जितकं खरं तितकंच इथे. तेलकट भांडं पाण्याने निघत नाही, साबण लावला की निघतं. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला.

प्लास्टिकचाही असा साबण असतो. त्याला कम्पॅटिबिलायझर म्हणतात. त्याची अर्धी साखळी एका प्लास्टिकमध्ये गुंतते, अर्धी दुसऱ्यात. सीमेवर टाके घातल्यासारखे पडतात, थेंब बारीक होतात आणि तडा सहज धावत नाही. उदाहरणार्थ, पीपीच्या साखळीला मॅलेइक ॲनहायड्राइड नावाचं रसायन जोडलं की ते नायलॉनला घट्ट धरतं.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक शोध प्रसिद्ध केला. त्यांनी पीई आणि पीपीचे तुकडे आलटून पालटून जोडलेली एक साखळी बनवली. एचडी आणि पीपीच्या ठिसूळ मिश्रणात ही साखळी फक्त एक टक्का घातली आणि ते मिश्रण चिवट झालं. भंगारात सगळ्यात जास्त एकत्र सापडणारी जोडी हीच असल्यामुळे हा शोध महत्त्वाचा.

मग प्रश्न सुटला का? अजून नाही. मध्यस्थ जोडीनुसार बदलतो. पेट-पीईला वेगळा, पीपी-नायलॉनला वेगळा. तो महाग असतो. आणि ज्या ढिगात काय किती आहे हेच माहीत नाही, त्यात कुठला मध्यस्थ घालणार? शेवटी गाडी वर्गवारीवरच येते.

वेगळं करताच येत नाही, त्याचं काय?

वेफर्सचं पाकीट भंगारवाला का घेत नाही, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. आतून चंदेरी, बाहेरून छापील, मध्ये एक-दोन थर. एक थर ओलावा अडवतो, एक हवा, एक उष्णता देऊन चिकटवायला, एक छपाईला. थरांची जात वेगळी आणि सगळे पक्के चिकटवलेले. दुकानात पाकीट सहा महिने टिकतं ते या थरांमुळे, आणि कचऱ्यात शेकडो वर्षं पडून राहतं तेही यामुळेच. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे सॅशे आणि बऱ्याच टूथपेस्टच्या ट्यूब याच जातीच्या.

उल्हासनगरची प्रसिद्ध जीन्सही आता यातून सुटलेली नाही. पूर्वी जीन्स म्हणजे निव्वळ सुती कापड. आजच्या स्ट्रेच जीन्समध्ये कापसाबरोबर पॉलिस्टर आणि इलास्टेन असतं. पॉलिस्टर म्हणजे पाण्याच्या बाटलीतलंच पेट, धाग्याच्या रूपात. शिलाईतून उरलेल्या चिंध्यांमधून हे तीन धागे वेगळे काढणं जवळपास अशक्य.

आता यात नवा पाहुणा आला आहे, कम्पोस्ट होणाऱ्या पिशव्या आणि ग्लास. दिसायला अगदी प्लास्टिकसारखे. यातलं पीएलए पाण्यात बुडतं, म्हणून पेटच्या ढिगात जाऊन बसतं आणि पेटचा माल बिघडवतं. चांगल्या हेतूने आणलेली वस्तू चुकीच्या डब्यात गेली की तीही भेसळच ठरते.

कायदा काय म्हणतो?

२६ जुलै २००५ चा पूर मुंबईसारखाच बदलापूर-उल्हासनगर पट्ट्यालाही आठवतो. नाल्यांत अडकलेल्या पिशव्यांवर तेव्हा मोठी चर्चा झाली आणि २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. मग २३ मार्च २०१८ ला राज्याची मोठी प्लास्टिक आणि थर्माकोल बंदी आली आणि २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. गणपतीचं थर्माकोलचं मखर त्यातच गेलं.

केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, चमचे, ताटल्या अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर देशभर बंदी घातली. ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन केली. जाडीचा आग्रह का? जाड पिशवीला वजन असतं, वजनाला भाव असतो आणि भाव असेल तरच कुणीतरी ती वाकून उचलतं.

थरांच्या पाकिटांची गोष्ट मात्र वेगळी झाली. २०१६ च्या केंद्रीय नियमांत, रीसायकल न होणारं बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करा असं म्हटलं होतं. २०१८ मध्ये शब्द बदलले. ज्यातून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोगही नाही, असंच बहुस्तरीय प्लास्टिक बंद करायचं. आता जाळून ऊर्जा तर जवळपास प्रत्येक प्लास्टिकमधून मिळते. म्हणून वेफर्सचं पाकीट आजही तुमच्या हातात आहे. उत्पादकांवर आपलं पॅकेजिंग परत गोळा करण्याची जबाबदारी आहे आणि त्यात बहुस्तरीय मालाचा वेगळा वर्ग केलेला आहे.

मग या मिश्र ढिगाचं करायचं काय?

सध्या तीन-चार रस्ते आहेत. पहिला, अक्षरशः रस्ता. मदुराईचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांची पद्धत देशात वापरली जाते. तापलेल्या खडीवर प्लास्टिकचे तुकडे टाकतात, ते वितळून खडीवर लेप बसतो आणि मग डांबर. इथे मिश्रण चालतं, थरांची पाकिटंही चालतात. पण पीव्हीसी इथेही नको.

दुसरा, सिमेंटच्या भट्टीत कोळशाबरोबर जाळणं. तापमान खूप जास्त असल्याने उघड्यावर जाळण्यापेक्षा बरं, पण प्लास्टिक कायमचं संपलं. तिसरा, हवेशिवाय तापवून त्याचं तेल काढणं. तिथेही पीव्हीसीचं क्लोरीन आणि पेटमधला ऑक्सिजन त्रास देतात. चौथा, जाड फळ्या, बाक, पेव्हर असा माल, जिथे ताकदीपेक्षा जाडीवर काम भागतं.

नीट बघा, प्रत्येक रस्त्यावर वस्तूचा दर्जा एक पायरी खाली उतरतो. वेगळं ठेवलेल्या पेट बाटलीचा धागा होऊ शकतो, पुन्हा बाटलीही होऊ शकते. मिश्र ढिगातल्या त्याच बाटलीचा फार तर भट्टीत धूर होतो.

तुम्ही काय करू शकता?

सात डबे ठेवा असं कुणी सांगत नाही. पाच गोष्टी पुरतात.

एक, ओला कचरा आणि प्लास्टिक वेगळं. खरकटं लागलेली पिशवी धुण्याचा खर्च तिच्या भावापेक्षा जास्त होतो.

दोन, दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा छोटा तुकडा सुटा करू नका. तो तुकडा कुणीच उचलत नाही, तो थेट गटारात जातो.

तीन, पाइप, वायर, रेक्झिन म्हणजे पीव्हीसी बाटल्यांच्या पिशवीत टाकू नका. एवढं एक केलंत तरी खूप.

चार, बाटली, कडक डबे आणि पातळ पिशव्या असे तीन गठ्ठे करा. भंगारवाला पुढचं बघून घेईल, त्याला ते तुमच्याहून चांगलं येतं.

पाच, जाळू नका. थंडीत शेकोटीलाही नाही.

कॅम्प ५ च्या ढिगाऱ्यावर आज जे पडलं आहे, त्यातलं बरंचसं घरातून निघालं तेव्हा वेगळं होतं. बाटली बाटली होती, पिशवी पिशवी होती. त्यांना एकत्र करायला आपल्याला एक सेकंद लागला, कारण डबा एकच होता. त्यांना पुन्हा वेगळं करायला मात्र कुणाला तरी पाण्याची टाकी, लायटर आणि स्वतःचं नाक लागतं, आणि तेवढं करूनही ते पूर्ण जमत नाही.

पुढच्या वेळी बादलीची कडी तुटली की तुटलेल्या जागेकडे जरा नीट बघा. पापुद्रे दिसले तर समजा, कुठल्या तरी दोन साखळ्यांनी आपल्या बादलीत संसार करायला नकार दिला होता.